तुपाचा हात

विश्राम पालव कॉलेजात यायचा तेव्हा स्कूटरवर त्याच्या पायांपाशी, जुन्या लुगड्यात बांधलेली स्टीलची ताटं असायची. बाळकुमहून निघून कशेळीचा पूल, भिवंडी, कोनगाव, दुर्गाडीचा पूल असा मेट्रोच्या खांबांखालून धूळ खात तो कल्याणला पोचायचा आणि ती ताटं छातीशी धरून आमच्या कॉलेजचा जिना चढायचा. नवीन मुलांना वाटायचं, सर कँटीनही चालवतात. मी रसायनशास्त्र शिकवायचे, तो भौतिकशास्त्र. दोन प्रयोगशाळांच्या मधल्या भिंतीत एक दार होतं, त्याची कडी कधीच लागायची नाही, त्यामुळे आम्ही एकमेकांच्या तडाख्यातून सुटायचो नाही. म्हणजे माझ्या तडाख्यातून तो. त्याच्याकडे तडाखा नावाची वस्तूच नव्हती.

मला अशा माणसांचा राग येतो. वेळापत्रक लावायचंय, विश्रामला सांगा. परीक्षेला कुणी सुपरवायझर कमी पडतोय, विश्राम आहेच. लग्न केलं नाही, कारण वडील गेल्यावर आधी बहिणींची लग्नं व्हायची होती, आणि ती झाली तोवर विचारायला कुणी उरलं नाही. ‘अरे, कधीतरी नाही म्हणून बघ, जीभ झडत नाही,’ असं मी म्हटलं की तो हसायचा आणि माझ्याच तासिकेची बदली मान्य करायचा. या माणसाने आयुष्यात स्वतःसाठी एकच गोष्ट मागितली, तीही पन्नाशीच्या तोंडाशी. त्याला पीएच.डी. करायची होती. पदासाठी किंवा पगारासाठी म्हणून तो मागत नव्हता, कारण तोवर त्या गाड्या सुटून गेल्या होत्या. त्याला एकदा तरी असं काहीतरी पाहायचं होतं जे आधी कुणी पाहिलेलं नाही.

विषय होता लिक्विड क्रिस्टल. मोबाइलच्या नि टीव्हीच्या पडद्यात असतो तो पदार्थ, पाण्यासारखा वाहणारा, पण त्याचे रेणू काड्यांसारखे लांबोडके आणि शेजारच्याशी समांतर राहायचा हट्ट धरणारे. वर्गात विश्राम एखाद्या मुलाला पुढे बोलवायचा आणि त्याचं डोकं सगळ्यांना दाखवायचा. केस कितीही विंचरा, कुठेतरी भोवरा राहतोच, कारण डोकं गोल आहे. सपाट गालिच्याचे केस एका दिशेला बसवता येतात, चेंडूचे येत नाहीत. लिक्विड क्रिस्टलचा बारीकसा थेंब घेतला की त्याच्या सालीवर आडवे पडलेले रेणू असेच अडचणीत येतात आणि कुठेतरी त्यांचं एकमत मोडतं. शास्त्रात त्या जागेला दोष म्हणतात. विश्राम भोवराच म्हणायचा. थेंब गोल असला तर असे दोन भोवरे समोरासमोर बसतात, कुठेही, कारण चेंडूला सगळ्या जागा सारख्या. थेंब ताणून लांबट केला, तर ते दोन टोकांना जाऊन बसायला हवेत, कारण साल तिथे सगळ्यात जास्त वाकलेली असते. भोवरा काढून टाकता येत नाही, तो कुठे बसणार हे फक्त आकार ठरवतो. हे जुन्या लोकांनी गणिताने मांडलेलं होतंच. विश्रामला ते लांबट थेंब स्वतः करून, खूप जास्त ताणून, काय होतं ते बघायचं होतं.

थेंब ताणायचा कसा, तर तो एका पातळ पापुद्र्यात अडकवायचा. डिंकासारखं एक रसायन गरम पाण्यात विरघळवायचं, त्यात लिक्विड क्रिस्टल घुसळायचं, ते ताटात ओतून संथपणे वाळू द्यायचं. पापुद्रा सुटला की त्याला शेक देऊन दोन्हीकडून हळूहळू ओढायचं. पापुद्रा लांबतो, आतले थेंबही लांबतात. मग सूक्ष्मदर्शकाखाली धरायचं.

कॉलेजात हे जमेना. पंख्याने पापुद्र्याला सुरकुत्या पडायच्या, पंखा बंद केला तर दमट हवेत वाळायचाच नाही. मग त्याला घरच्या गॅलरीची आठवण झाली. पालव मूळचे राजापूरकडचे. त्याची आई, विमलाबाई, गावी असताना दर उन्हाळ्यात आंबापोळी घालायची. आटवलेला रस ताटात सारखा पसरणं, ताट पाटावर असं ठेवणं की रस एका बाजूला धावू नये, वरून पातळ कापड बांधणं, हे सगळं त्याने लहानपणी पाहिलेलं होतं. बाळकुमच्या नवव्या मजल्यावरच्या गॅलरीत त्याने तोच पाट ठेवला, आईचीच ताटं घेतली आणि रविवारी द्रावण ओतून तसंच कापड बांधलं. सोमवारी ती ताटं कॉलेजात न्यायची, हे ठरूनच गेलं. विमलाबाईंचे गुडघे तेव्हा पार गेले होते. दिवसभर सोबतीला मंजुळा नावाची बाई यायची, आणि विमलाबाई खुर्चीत बसून बाहेर वाढत चाललेले टॉवर मोजण्याखेरीज काही करत नव्हत्या. मुलगा आंबापोळीसारखं काहीतरी घालतोय म्हटल्यावर त्यांना पुन्हा जरा तरतरी आली. ताट कुठे कलतंय, ऊन कुठून सरकतंय, हे त्या खुर्चीतून सांगू लागल्या.

पहिले काही महिने पापुद्रे फाटायचे. स्टीलला असे घट्ट चिकटायचे की नखाएवढे तुकडे हाती यायचे. तेवढ्यावर ताणायचं काम होणं शक्य नव्हतं, म्हणून त्याने त्या तुकड्यांतले गोल थेंब तपासून घेतले. प्रत्येकात दोन भोवरे, समोरासमोर. अपेक्षेप्रमाणे. दर सोमवारी आई विचारायची, ‘फाटली नाय ना रे?’ आणि तो सांगायचा, ‘फाटली.’

मग कधीतरी होळीच्या सुमाराला त्याचा हात बसला. म्हणजे त्याला तसं वाटलं. पापुद्रे अख्खेच्या अख्खे सुटू लागले. आता ताणता येत होते. त्याने ताणले, सूक्ष्मदर्शकाखाली धरले, आणि दारातून मला हाक मारली. त्याचा आवाज इतका बारीक झाला होता की मला वाटलं याला काहीतरी होतंय.

‘मॅडम, जरा बघता का? मला एकट्याला खरं वाटत नाहीये.’

मी बघितलं. लांबट थेंब, काकडीच्या बियांसारखे. टोकांना काहीच नव्हतं. भोवरा एकच होता आणि तो थेंबाच्या पोटात, बरोबर मधोमध. पुढचे सगळे पापुद्रे तसेच निघाले. याचा अर्थ असा लागत होता की थेंब एका मर्यादेपलीकडे ताणला की टोकांवरचे दोन्ही भोवरे तिथून उठतात आणि आत जाऊन एक होतात. हे कुणीच लिहिलेलं नव्हतं. त्याचे मार्गदर्शक सौमित्र सर त्याच्याहून वयाने लहान, चटपटीत माणूस. ते म्हणाले, ‘पालव, तुम्ही नशीब काढलंत.’ प्रबंध लिहून झाला, एका चांगल्या नियतकालिकाकडे लेख गेला. विश्राम त्या दिवसांत कॉलेजात शीळ घालत यायचा आणि मला ते सहन होत नव्हतं, कारण तो बेसूर होता. तरी मला फार आनंद झाला होता, हे मी इथे सरळ सांगते.

तोंडी परीक्षा जवळ आली म्हणून एका रविवारी सकाळी मी पेढे घेऊन बाळकुमला गेले. दार मंजुळाने उघडलं. विश्राम आंघोळीला गेला होता. विमलाबाई गॅलरीत खुर्चीवर बसल्या होत्या, मांडीवर ताट, शेजारी स्टुलावर तुपाचा छोटा डबा. त्या डब्यात बोट बुडवून ताटात फिरवत होत्या, गोल गोल, कडेपर्यंत, मग तळहाताने पुसून घेत होत्या, म्हणजे तूप दिसणार नाही पण लागलेलं राहील. ताटाला कढवलेल्या तुपाचा छान वास येत होता. मी सहज विचारलं, ‘काय चाललंय आई?’

‘त्याच्या पोळीची तयारी गो,’ त्या म्हणाल्या. ‘तूप लावल्याबिगर पोळी सुटेल काय कधी? रात्री ताटं घासून ठेवतो, कोरडी ठाक. पुरुषमाणूस, त्याला काय कळणार. मीच लावून ठेवते सकाळी.’

‘त्याला सांगितलंत?’

‘त्यात सांगायचं काय?’

आणि खरंच, त्यात सांगायचं काय? कोकणातल्या कुठल्याही घरात ताटाला तुपाचा हात लावला हे कुणी कुणाला सांगत नाही. कोविड होऊन गेल्यापासून विश्रामला वास धड येत नव्हता, नाहीतर पहिल्याच रविवारी कळलं असतं. मी मागे वळले तर तो दारात उभा होता, ओल्या डोक्याने, खांद्यावर टॉवेल. त्याने सगळं ऐकलं होतं.

मी रसायनशास्त्राची. काय झालंय ते मला एका क्षणात समजलं, आणि त्यालाही. गरम द्रावण ताटात ओतलं की तूप वितळून थेंबांत शिरत होतं. थेंबाच्या सालीवर एवढासा स्निग्ध थर आला की एरवी आडवे पडणारे रेणू ताठ उभे राहतात, सगळे केंद्राकडे तोंड करून, आणि मग भोवरा जातो मधोमध. आकाराचा त्याच्याशी संबंध नाही. गोल थेंब सगळे तुपाआधीचे होते, कारण तेव्हा पापुद्रे फाटत होते. लांबट थेंब सगळे तुपानंतरचे, कारण तूप लागल्यावरच पापुद्रा ताणण्याइतका अख्खा निघाला. इतकी साधी चूक. त्याचं गणित पक्कं होतं, मोजमाप पक्कं होतं, आणि त्याच्या घरातली एक सवय त्याच्या लक्षात आली नव्हती.

‘कधीपासून गं आई?’ त्याने विचारलं.

‘होळीपासून. का रे? नको होतं?’

त्याने खांद्यावरच्या टॉवेलने डोकं पुसलं. मग म्हणाला, ‘नाही, बरं केलंस. म्हणूनच सुटायला लागली.’ आणि आत जाऊन त्याने माझ्यासाठी चहा टाकला. त्या चहात साखर नव्हती, पण मी बोलले नाही. त्या दिवशी पहिल्यांदा मी त्याला काहीच बोलले नाही.

नंतर त्याने कॉलेजात, काचेवर, अतिशय हळू सोडवत नवे पापुद्रे केले. दहांतला एखादा निघायचा. ताणले. दोन भोवरे, दोन टोकांना, जिथे गणिताने सांगितलं होतं तिथेच. मग मुद्दाम तूप लावून केले. एक भोवरा, मधोमध. शंका उरली नाही. मी त्याला म्हटलं, ‘अरे, मग हेच लिही. तुपाने काय होतं ते.’ तर म्हणाला, ‘साबणाने असं होतं हे जुनंच आहे मॅडम. यात नवीन फक्त तूप.’

सौमित्र सरांनी त्याला खोलीचं दार लावून समजावलं. परीक्षा होऊन जाऊ दे, ताटाला काय लावलं होतं हे कुणीही विचारणार नाही, नंतर सावकाश दुरुस्ती करू. विश्राम त्यांनाही नाही म्हणाला नसता, तर मला नवल वाटलं नसतं. पण तिथे तो म्हणाला. आयुष्यातलं पहिलं ‘नाही’ त्याने असं स्वतःवरच वापरलं. लेख परत घेतला, प्रबंध परत घेतला. नव्याने सुरू करायला मुदत मिळाली नाही. कॉलेजात चौकशा झाल्या, तेव्हा तो एवढंच सांगायचा की नमुन्यात भेसळ झाली. कशाची, ते सौमित्र सर आणि मी सोडून कुणाला ठाऊक नव्हतं.

‘आईला कळता कामा नये,’ त्याने मला बजावलं. ‘बाकी कुणाला काय वाटायचं ते वाटू दे. पण आपल्या हाताने हे झालं हे तिला कळलं तर ती उरलेले दिवस त्यातच काढेल. तेवढं मला जपू द्या.’

म्हणून रविवारची ताटं चालूच राहिली. शनिवारी रात्री तो ती घासून ओट्यावर ठेवायचा. सकाळी विमलाबाई मांडीवर घेऊन बोट फिरवायच्या. हा स्वयंपाकघरातून बघायचा. मग त्यांच्यासमोर त्यात डिंकाचं साधं पाणी ओतायचा, कापड बांधायचा, सोमवारी ताटं लुगड्यात बांधून कॉलेजात आणायचा आणि पापुद्रा न सोडवताच बेसिनवर साबणाने घासून परत न्यायचा. मी एकदा चिडून म्हटलं, ‘किती दिवस हे नाटक करणार आहेस? पाण्याचंही बिल येतं.’ तो घासत राहिला. पीएच.डी.चं काय झालं असं आई विचारते का, असंही मी विचारलं. आधी त्या अख्ख्या सोसायटीला सांगत सुटल्या होत्या, माझा मुलगा डॉक्टर होणार, सुया टोचणारा नव्हे, मोठा. आता तो विषय काढतच नाहीत, विश्राम म्हणाला. ‘विसरायला लागलीय. बरंच आहे एका अर्थी.’ फक्त सोमवारी घरी गेलं की विचारायच्या, फाटली नाय ना. तो सांगायचा, ‘अख्खी सुटली.’

वर्षभर हे असं चाललं. मी निवृत्त झाले. या मार्चमध्ये एका रविवारी विमलाबाई गेल्या, दुपारी जेवून पडल्या त्या उठल्याच नाहीत. त्या दिवशी सकाळीही त्यांनी एका ताटावर बोट फिरवलं होतं. त्यात डिंकाचं पाणी ओतायचं त्या दिवशी राहून गेलं होतं. विश्रामने ते ताट धुतलं नाही. तसंच लुगड्यात बांधून कपाटात ठेवलं.

सगळे विधी उरकल्यावर त्याचा फोन आला. म्हणाला, मॅडम, आईच्या ताटात एकदा खराखुरा पापुद्रा घालतोय. मधला भोवरा एकदा बघून घेतो. तुम्ही या.

मी गेले. मी या असल्या गोष्टींना भावुकपणा म्हणते, पण गेले. कॉलेजची सुट्टी होती, प्रयोगशाळेत आम्ही दोघंच. त्याने कापड सोडलं, सुरीच्या टोकाने कडा उचलली, आणि पापुद्रा फाटला. पुन्हा उचलली, पुन्हा फाटला. तो माझ्याकडे बघायला लागला. जो जरासा मोठा तुकडा निघाला तो त्याने शेक देऊन ताणला आणि सूक्ष्मदर्शकाखाली धरला. बराच वेळ तो डोळा काढेना. मग सरकून मला जागा दिली. लांबट थेंब होते, आणि प्रत्येकाच्या दोन टोकांना दोन भोवरे, स्वच्छ. मधे काही नव्हतं.

‘तूप लावायचं विसरली असेल,’ तो म्हणाला. ‘शेवटी शेवटी तिला तेवढंही लक्षात राहत नसेल. नुसतं बोट फिरवत असेल.’ आणि ते रिकामं ताट त्याने पुन्हा बांधलं. मी हो हो म्हटलं. पण मला ते पटलं नव्हतं. ज्या बाईला माझ्या लग्नाच्या साडीचा रंग आठवत होता ती तूप विसरेल?

पुढच्या आठवड्यात मी बाळकुमला गेले. मंजुळाही आली होती, विमलाबाईंची दोन पातळं तिला द्यायची होती. विश्राम आत चहा करत होता. मी हळूच विचारलं, ‘आजी ताटाला तूप लावायला विसरायच्या का गं?’

‘विसरायला काय झालं?’ मंजुळा म्हणाली. ‘त्या तुपाला शिवायच्याच नाहीत. तुम्ही पेढे घेऊन आलेलात ना, त्या दिवसापासून. त्या दिवशी सरांचा चेहरा बघितला नि रात्रभर झोपल्या नाहीत. मला म्हणाल्या, माझ्या तुपाने पोराचं काहीतरी मोठं नासलं. डबा तिथंच ठेव, पण उघडू नको. मी विचारलं, मग ताटं कशाला घेता? तर म्हणाल्या, तो बघतो ना आतनं. मी घेतली नाय तर त्याला समजेल मला कळलंय. आणि मग तो झुरत बसेल.’

आतून चहाचा आवाज थांबला होता. विश्राम स्वयंपाकघराच्या दारात उभा होता, हातात गाळणी. पेढ्यांच्या त्या रविवारी जसा उभा होता तसाच. मंजुळाला वाटलं तिचं काही चुकलं. ‘सर, मला बोलू नको म्हणून सांगितलेलं त्यांनी,’ ती म्हणाली, ‘पण आता...’

‘असू दे,’ तो म्हणाला. त्याने चहा गाळला, तिला बशीत ओतून दिला, पातळं पिशवीत घालून दिली, लिफ्टपर्यंत सोडून आला. मग येऊन आईच्या खुर्चीशेजारी खाली बसला. तुपाचा डबा अजून स्टुलावरच होता. त्याने झाकण उघडलं. आतलं तूप जुनं, पिवळंधमक, वरचा थर सपाट होता. त्यात कुणाच्याही बोटाची खूण नव्हती.

‘मॅडम, दर सोमवारी विचारायची ती,’ तो म्हणाला. ‘फाटली नाय ना. आणि मी सांगायचो, अख्खी सुटली. कोरड्या ताटातून.’

मी डब्याचं झाकण लावलं आणि त्याच्याशेजारी बसून राहिले.